ठराव कपाटात, वाचक दारात : ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
तालुक्याच्या गावांतील सार्वजनिक ग्रंथालये, यवतमाळ जिल्हा.

विषय : ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांसाठी इंट्रानेट सुरू करणे व ते चालू ठेवणे.

सादर नमस्कार.

गेल्या जूनमधली, एका शुक्रवारची गोष्ट. पेरणीचे दिवस, आभाळ भरून आलेलं, वाचनालयात जेमतेम पाच-सहा माणसं. पावणेपाचच्या सुमारास एक मुलगी आली. चौदा किलोमीटरवरच्या खेड्यातली, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. तिला राज्यघटनेवरचा एक जाड संदर्भग्रंथ शनिवार-रविवारसाठी घरी हवा होता. देवघेवीच्या टेबलावर आमची नवी निर्गम सहायक होती, रुजू होऊन चार महिने झालेली. तिनं सांगितलं, संदर्भग्रंथ घरी मिळत नाही, इथंच बसून वाचा. मुलगी म्हणाली, "माह्या मैत्रिणीले तं देलं होतं, मॅडम." सहायकेनं तेच उत्तर पुन्हा दिलं. मग ती मुलगी कोपऱ्यातल्या बाकावर बसली, पिशवीतून वही काढली आणि पाच वीसपर्यंत मान वर न करता उतरवून घेत राहिली. तिच्या गावाची शेवटची एसटी साडेपाचला असते.

मी त्या दिवशी कामासाठी यवतमाळला गेले होते. सोमवारी हे कळलं तेव्हा पोटात कालवलं. कारण बाहेरगावच्या वाचकाला, ज्या संदर्भग्रंथाच्या दोन प्रती आहेत त्यातली एक, शंभर रुपये अनामत घेऊन शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ द्यावी, असा ठराव आमच्या मंडळानं दोन वर्षांपूर्वीच केला होता. चांगला ठराव होता. मीच तो मांडला होता. तो ठराव वहीत होता आणि ठराव वही सचिवांच्या घरच्या कपाटात. मला तो पाठ होता, आधीच्या सहायकेला पाठ होता. नव्या मुलीला तो कुणीही सांगितला नाही. मीही नाही. ग्रंथ कपाटात होता, दुसरी प्रतही होती, नियम वाचकाच्या बाजूनं होता, आणि तरी ती मुलगी रिकाम्या हातानं गाडीकडे पळाली.

त्या मुलीमुळे हे पत्र लिहिते आहे.

आपल्या ग्रंथालयांत काम कसं चालतं हे आपण सगळे जाणता. ते माणसांच्या डोक्यात चालतं. आमचे जुने ग्रंथपाल, ज्यांना आम्ही काकाजी म्हणतो, एकतीस वर्षांनी निवृत्त झाले. आज ते मुलाकडे पुण्याला राहतात. आठवड्यातून दोनदा तरी आम्ही त्यांना फोन करतो. मागे एक निवृत्त शिक्षक जुन्या साप्ताहिकाचे बांधीव अंक मागायला आले. आम्ही दोघींनी सगळी दुपार शोधाशोध केली, तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, नोंद नाही, आलेलं प्रत्येक पुस्तक लिहून ठेवतो त्या दाखलनोंद वहीत 'एक गठ्ठा' एवढंच. शेवटी काकाजींना फोन लावला. ते म्हणाले, "मधल्या खोलीत, डाव्या कपाटाच्या माथ्यावर, निळ्या कापडात." शिडी लावली. निळं कापड होतं, त्यात अंक होते, आत कडुलिंबाचा वाळलेला पालासुद्धा होता. काकाजी आनंदानं सांगतात, फोन करू नका असं कधीच म्हणाले नाहीत. पण आज त्यांचं वय पंच्याहत्तर आहे.

आता इंट्रानेट म्हणजे काय, ते आमच्या भाषेत सांगते. एक संगणक, ज्यावर कामाची पानं लिहून ठेवलेली आहेत. त्याला जोडलेला एक वायफाय राउटर. ग्रंथालयातल्या बाकीच्या संगणकांवरून आणि आमच्या मोबाइलवरून ती पानं उघडतात, वाचता येतात, दुरुस्त करता येतात. ती फक्त कर्मचाऱ्यांना दिसतात, प्रत्येकाला आपलं नाव आणि पासवर्ड असतो. बाहेरचं इंटरनेट लागत नाही. टॉवर गेला, ऑप्टिकल केबल कुणी जेसीबीनं तोडली, तरी आतलं जाळं चालू. वीज मात्र लागते, म्हणून इन्व्हर्टरवर घेतलेलं बरं. आम्ही याला 'आतली वही' म्हणतो. नाव शिपाईदादांनी दिलं.

यावर पहिला प्रश्न हमखास येतो : व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना? आहे, आणि तो उपयोगी आहे. आज कोण रजेवर आहे, वीज कधी येणार, पुस्तकांचं पार्सल एसटी स्टँडवरून कोण आणणार, याला ग्रुपच बरा. पण मार्चमध्ये ग्रुपवर आलेला नियम सप्टेंबरमध्ये शोधून बघा. वाढदिवस, श्रद्धांजली आणि शुभेच्छांच्या खाली तो कुठं गेला ते सापडत नाही. नवी व्यक्ती ग्रुपमध्ये आली की मागचं सगळं तिला आपोआप दिसत नाही. फोन बदलला, की पुष्कळदा सगळंच जातं. आणि एक गोष्ट मला खरोखर खटकते : सभासदांचे अर्ज, त्यावरचे फोटो, पत्ते, आधार कार्डाच्या प्रती आपण सहज ग्रुपवर टाकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 साली झाला. कायदा नसता तरी वाचकानं विश्वासानं दिलेला कागद पंधरा जणांच्या खासगी फोनमध्ये राहू नये. आतल्या वहीतही आम्ही एकाही वाचकाचं नाव लिहीत नाही. तिथं काम कसं करायचं तेवढंच लिहायचं.

दुसरा प्रश्न : ग्रंथालयाची संगणक प्रणाली घेतली आहे किंवा घेणार आहोत, मग हे वेगळं कशाला? राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय आहे, कोहा आहे, दोन्ही चांगल्या. पण ती पुस्तकांची नोंद ठेवणारी व्यवस्था आहे. अमुक पुस्तक कुणाकडे आहे हे ती सांगेल. ते पुस्तक हरवलं आणि वाचक शेतमजूर असेल तर भरपाई कशी घ्यायची, हप्ते द्यायचे का, याबाबत मंडळाचं म्हणणं काय, हे ती सांगणार नाही. ते आजवर काकाजी सांगत.

कोहाचा विषय निघालाच आहे तर थोडं सांगते, कारण ही गोष्ट आपल्यासाठी आहे असं मला वाटतं. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा एक ग्रामीण भाग आहे. तिथल्या ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली सन 2000 च्या तारखा ओळखणार नाही, हे 1999 मध्ये लक्षात आलं. बाजारातल्या प्रणाली महाग, आणि शाखांना जोडणाऱ्या टेलिफोन लाइन मंद. त्यांनी आपल्याला हवं तसं सॉफ्टवेअर बनवून घेतलं, जानेवारी 2000 मध्ये चालू केलं आणि जगाला मोफत देऊन टाकलं. 'कोहा' हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट. आज मोठमोठी विद्यापीठं ते वापरतात. म्हणजे खेड्यातल्या ग्रंथालयानं आधी शहराकडे बघावं आणि मग आपण करावं, असं काही नाही. आपली अडचण आपल्यालाच सगळ्यात नीट कळते.

आम्ही पोळ्याच्या सुमारास सुरुवात केली. एका माजी विद्यार्थ्यानं दिलेला जुना संगणक होता. राउटरला चौदाशे रुपये लागले, ते किरकोळ खर्चात बसले. सॉफ्टवेअर डोकूविकी नावाचं, मोफत. 2004 पासून आहे. ते निवडण्याचं कारण साधं : त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे साधी मजकुराची फाइल. सगळी वही पेन ड्राइव्हवर उतरवली की झाली राखीव प्रत. दर शनिवारी दोन पेन ड्राइव्ह, एक कपाटात, एक माझ्या घरी. कुणी पान चुकून पुसलं तर आधीचं पान परत आणता येतं, कुणी काय बदललं तेही दिसतं. गावातल्या महाविद्यालयाच्या संगणक विभागातल्या दोन मुलांनी एका दुपारी ते बसवून दिलं. चहा आणि आलूबोंड्यावर.

खरं काम त्यानंतरचं. पहिल्या महिन्यात मी एकटीच लिहीत होते. 'वर्गांक कसा लावावा', 'मासिकं रद्दबातल करण्याची पद्धत', असली लांबलचक पानं. कुणी उघडली नाहीत. मग लिपिक ताईंनी 'तपासणीची तयारी' हे पान केलं. वार्षिक तपासणीला कोणकोणत्या वह्या लागतात आणि प्रत्येक वही कुठल्या कपाटात, कुणाच्या ताब्यात आहे : दाखलनोंद वही, राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून आलेल्या ग्रंथांची वेगळी वही, किर्द, वर्गणीदारांची यादी, हजेरीपट, लेखापरीक्षण अहवाल. तपासणीच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे नेहमी धावपळ असे. त्या वर्षी ताई त्या पानावर एकेक खूण करत गेल्या आणि आदल्या दिवशी आम्ही सगळे वेळेवर घरी गेलो. त्या दिवसापासून सगळे वही उघडायला लागले.

आणि सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान कुणाचं असेल? शिपाईदादांचं. त्यांचं शिक्षण आठवीपर्यंत. टायपिंग येत नाही. ते फोनच्या माइकवर बोलतात, मराठी अक्षरं आपोआप उमटतात, चुकलं तिथं निर्गम सहायक दुरुस्त करते. त्यांच्या पानातल्या या ओळी जशाच्या तशा देते : "दक्षिणेकडची भित पावसाळ्यात वल्ली होते. मृग लागायच्या आंधी खालच्या दोन फळ्या रिकाम्या करा लागते. कपाट भितीले चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. उधई पहिले लाकडाले लागते, मंग पुस्तकाले." ही माहिती कुठल्याही अभ्यासक्रमात मिळणार नाही, कारण ती आमच्या इमारतीची आहे. एवढी वर्षं ती त्यांनी सांभाळली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

या पानानं एक गमतीशीर वाटणारी पण महत्त्वाची अडचण दाखवली. मी 'वाळवी' शोधलं तर पान सापडेना, कारण दादांनी 'उधई' म्हटलं होतं. आता पानाच्या तळाशी आम्ही दोन्ही शब्द लिहितो. वऱ्हाडी शब्द खोडून पुस्तकी शब्द घालायचा नाही, शेजारी ठेवायचा, असं आम्ही ठरवलं. शोधाचीच दुसरी अडचण जुन्या फाइलींची. 2006-07 पासूनची पत्रं, याद्या, अहवाल कृतिदेव आणि श्री-लिपीत टाइप केलेले आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते उघडलं की अक्षरांचा नुसता गिचमिडीचा पसारा दिसतो, आणि शोधलं तर काहीच सापडत नाही. ज्यांना वही करायची आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि मोबाइलवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, लिहावं. जुनं सगळं बदलत बसू नका. जे पुन्हा पुन्हा लागतं तेवढंच बदला.

आता जिथं आम्ही चुकलो ते सांगते, कारण तिथंच या पत्राचा मुद्दा आहे.

जानेवारीत मंडळानं मासिक वर्गणी तीस रुपयांवरून चाळीस केली. निर्णय सभेत झाला, सचिवांनी मला फोनवर सांगितला, मी लिपिक ताईंना सांगितला. वहीतल्या पानावर मात्र तीसच राहिले. आठवडाभर ताई रजेवर होत्या तेव्हा निर्गम सहायकेनं पान बघून अकरा जणांकडून तीस रुपये घेतले. पैसे फार नव्हते, फरक आम्ही भरून काढला. पण त्यानंतर जे झालं ते वाईट होतं. सहायका मला म्हणाली, "वहीत बघूनसुद्धा तुम्हाला विचारावंच लागणार, तर वही कशाला?" दोन महिने कुणी एक नवी ओळ लिहिली नाही. तिचं चुकीचं नव्हतं. एकदा पान खोटं ठरलं की माणूस परत तोंडी विचारण्याकडे वळतो, आणि आपण पुन्हा काकाजींच्या फोनवर येतो.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ते पान सांभाळणाऱ्याचं नाव आणि पुन्हा तपासायचा महिना लिहिला. वर्गणीचं पान ताईंचं, इमारतीचं दादांचं, स्पर्धा परीक्षा कक्षाचं सहायकेचं. हे आमच्या हातात होतं. दुसरी गोष्ट मात्र आमच्या हातात नाही, ती आपल्या हातात आहे.

मंडळाचे निर्णय आमच्यापर्यंत बोलण्यातून येतात. कधी फोनवर, कधी बाजारात भेट झाली म्हणून, कधी कार्यवृत्त मंजूर होऊन पुढच्या सभेनंतर. वहीतली पानं आम्ही कितीही नीट ठेवली, तरी ज्या निर्णयावर ती उभी आहेत तोच उशिरा आणि तोंडी आला तर पान खोटंच पडणार. म्हणून माझी पहिली विनंती आहे : सभा संपली की त्याच दिवशी, ज्या ठरावांचा रोजच्या कामाशी संबंध आहे तेवढे, आतल्या वहीत जावेत. सचिवांनी स्वतः लिहावेत किंवा लिपिकाला लिहून द्यावेत. हिशेबाचे, न्यायालयीन, खासगी विषय नकोत. वर्गणी, वेळा, अनामत, सुट्ट्या, ग्रंथनिवडीची यादी कधी जाणार, एवढं पुरे. आणि जो निर्णय वहीत नाही तो अजून लागू झालेला नाही, असं मंडळानंच मानावं. यंत्र विकत घेणं सोपं आहे. ही शिस्त अवघड आहे, आणि ती वरूनच यावी लागते.

दुसरी विनंती वेळेची. आठवड्यातून एक तास देवघेव बंद ठेवून सगळ्यांनी वहीपाशी बसायला परवानगी द्या, आणि तो तास कामाचा धरा. घरी जाऊन करा असं म्हणू नका. आपल्या ग्रंथालयांत मिळणारं वेतन कसं आहे ते मी इथं लिहिण्याची गरज नाही, अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसणं आपण सगळेच जाणतो. अशा माणसाकडून फुकटचा आणखी एक तास मागणं मला लाज वाटण्यासारखं वाटतं. आमच्याकडे बुधवारी दुपारी दोन ते तीन ठेवलाय. त्या वेळी वाचक नसतातच, उन्हाळ्यात तर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

तिसरी गोष्ट विनंती नाही, आग्रह आहे. लिहिण्याचा अधिकार ग्रंथपालापासून शिपायापर्यंत सर्वांना सारखा हवा. काही ठिकाणी मी ऐकलं की संगणकाचा पासवर्ड एकाच माणसाकडे असतो आणि बाकीच्यांनी त्याला विचारायचं. तसं असेल तर ती वही नव्हे, आणखी एक कुलूपबंद कपाट. कुणी चुकीचं लिहिलं तर आधीचं पान परत आणता येतं. आणि वहीत कुणी "हे कसं करायचं, मला माहीत नाही" असं विचारलं तर त्यावरून सभेत त्याला बोल लावू नये. एकदा असं झालं की दुसऱ्या दिवसापासून कुणी काही विचारणार नाही, चुका मात्र होत राहतील.

ज्यांच्याकडे एकच माणूस आहे त्या ड वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीतल्या सगळ्यात लहान, ग्रंथालयांना मी इंट्रानेट घ्या असं म्हणणार नाही. मागे 60 टक्के वाढ झाली तेव्हा त्यांचं वर्षाचं अनुदान 30,000 वरून 48,000 झालं. त्यात पगार, वर्तमानपत्रं, पुस्तकं, वीजबिल सगळं. तिथं दोनशे पानी वही आणि चांगलं पेन पुरेल. पण त्यांना तालुक्याच्या ग्रंथालयानं आपली उपयोगी पानं छापून द्यावीत. आम्ही तपासणीचं आणि उधईचं पान चार गावांना दिलं. एका गावच्या ग्रंथपालानं ते पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला टांगलं आहे.

दर 12 ऑगस्टला आपण भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार घालतो. त्यांच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र मी स्वतः किती भाषणांत म्हटलंय : वाचकांचा वेळ वाचवा. त्या शुक्रवारी पावणेपाच ते पाच वीस, पस्तीस मिनिटं एका मुलीनं जे हातानं उतरवून घेतलं, ते सगळं पुस्तक तिच्या पिशवीत जायला हवं होतं. ते सूत्र म्हणताना आता मला तिची खाली घातलेली मान आठवते.

ती पुन्हा आली. दिवाळीनंतर, त्याच मैत्रिणीबरोबर. टेबलावर तीच निर्गम सहायक होती. तिनं पान उघडलं, ठरावाची तारीख वाचली, अनामतीची पावती फाडली आणि ग्रंथ दिला. मी शेजारच्या खोलीत होते, मला हाक मारावी लागली नाही.

आपल्यापैकी ज्यांना बघायचं असेल त्यांनी कुठल्याही बुधवारी दुपारी दोननंतर आमच्याकडे यावं. संगणक देवघेवीच्या टेबलामागे आहे. दादांना इमारतीचं पान दाखवायला सांगा, ते स्वतः दाखवतील. आणि पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेतलात, तर जो ठराव होईल तो त्याच संध्याकाळी ग्रंथालयात पोहोचवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावातील एक ग्रंथपाल,
यवतमाळ जिल्हा